एकाच रोधकाने हिपॅटायटिस बी वाढतो आणि सी अडतो, असे का?

विषाणूशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला आहे. हिपॅटायटिस बी विषाणू सतत तयार करणाऱ्या हेपजी२.२.१५ या पेशींवर तिने एकेटी नावाच्या कायनेजचा (इतर रेणूंवर फॉस्फेट बसवणाऱ्या विकराचा) रोधक वापरला, तेव्हा द्रवमाध्यमातील विषाणूचा डीएनए घटण्याऐवजी वाढला. हिपॅटायटिस सीला मात्र पेशीत शिरण्यासाठी हाच मार्ग लागतो आणि तो अडवला की संसर्ग घटतो, असे तिने वाचले आहे. बी विषाणूचे एक्स प्रथिन स्वतःच एकेटीला चेतवते, असेही तिच्या वाचनात आले आहे. यातले खरे काय मानायचे, संदेशवहनाचा विषाणूच्या वाढीवर नेमका परिणाम कसा होतो, आणि असे मार्ग अडवणारी औषधे कर्करोगासाठी वापरात असताना विषाणूजन्य यकृतदाहावर ती का दिली जात नाहीत, असे तिचे विचारणे आहे.

तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तुमच्या प्रयोगातील निरीक्षणही त्यांच्याशी विसंगत नाही. घोटाळा होतो तो संकेतमार्गाला विषाणूचा मित्र किंवा शत्रू ठरवण्याच्या आपल्या सवयीमुळे. एकेटी, एर्क किंवा एनएफ-कप्पा-बी या पेशीतले संकेत वाहणाऱ्या प्रथिनांना विषाणूचे काहीही देणेघेणे नसते. पेशीने वाढावे की स्थिर राहावे, साखर बनवावी की साठवावी, जगावे की मरावे, हे त्यांच्यामार्फत ठरते. विषाणू त्या निर्णयांच्या परिणामांवर जगतो. त्यामुळे अमुक मार्गाचा परिणाम काय, हे विषाणू कोणता, त्याच्या जीवनचक्राचा टप्पा कोणता आणि पेशी कोणत्या अवस्थेत आहे, या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय सांगता येत नाही. यातली तिसरी गोष्ट शोधनिबंधांत सर्वांत कमी लिहिली जाते आणि निष्कर्षांवर तिचाच प्रभाव सर्वांत जास्त असतो, असे माझे मत आहे.

आधी बी विषाणूकडे पाहू. त्याचा जीनोम जेमतेम ३,२०० बेस-जोड्यांचा. पेशीत शिरल्यावर हा अर्धवट दुहेरी डीएनए केंद्रकात जातो, तेथे पूर्ण होऊन बंदिस्त वर्तुळ बनतो आणि हिस्टोनांवर गुंडाळला जाऊन एखाद्या छोट्या गुणसूत्रासारखा राहतो. सीसीसीडीएनए म्हणतात तो हाच. त्याच्यावरून आरएनए लिहिण्याचे काम, म्हणजे प्रतिलेखन, पेशीचाच आरएनए पॉलिमरेज-२ करतो, आणि तो तेथे आणून बसवणारे घटक हे यकृताची ओळख ठरवणारे घटक असतात: एचएनएफ१-अल्फा, एचएनएफ४-अल्फा, सी/ईबीपी आणि इतर काही. पेशी जितकी अस्सल यकृतपेशी, म्हणजे प्रौढ, स्थिर आणि विभाजन थांबवलेली, तितके हे घटक भरपूर आणि विषाणूचे प्रतिलेखन जोरात. तिला वाढीचे संकेत मिळाले की ही ओळख पुसट होत जाते आणि विषाणूचे उत्पादन उतरते.

सी विषाणूचा संसार संपूर्णपणे पेशीद्रवात. सुमारे ९,६०० न्यूक्लिओटाइडांचा हा धन-आरएनए (ज्यावरून थेट प्रथिन बनते) केंद्रकाकडे फिरकतही नाही. त्याला लागतात रायबोसोम, पडदे, मेद आणि न्यूक्लिओटाइडांचा मुबलक साठा, आणि या गोष्टी वाढत्या पेशीत सहज मिळतात.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर महागडे रोधक लागत नाहीत. एका प्लेटमध्ये बी विषाणू बनवणाऱ्या हेपजी२ पेशी आणि दुसरीत सी विषाणूचा रेप्लिकॉन (पेशीत स्वतःच्या प्रती काढत राहणारा त्याचा आरएनए) बाळगणाऱ्या हुह७ पेशी विरळ पेरा आणि रोज मोजत राहा. पहिल्या प्लेटमध्ये पेशी एकमेकींना भिडून वाढ थांबली की पेशीमागे बी विषाणूचा डीएनए चढू लागतो. दुसऱ्या प्लेटमध्ये प्लेट भरताच रेप्लिकॉनचा आरएनए झपाट्याने उतरतो, आणि माध्यमात न्यूक्लिओसाइड घातले तर ही उतरण बरीचशी भरून निघते. प्लेट भरणे ही एकच घटना, वाढीचे संकेत दोन्हीकडे मंदावलेले, आणि परिणाम परस्परविरुद्ध. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्या महिन्यात हाच प्रयोग करायला लावतो. त्यानंतर ‘रोधक घातला आणि विषाणू वाढला’ या वाक्याने कोणी लगेच हुरळून जात नाही.

एकेटीचे कोडे येथेच निम्मे सुटते. इन्शुलिन किंवा वाढघटक ग्राहीला चिकटले की पीआय३के आणि मग एकेटी सक्रिय होते. एकेटी फॉक्सओ१ या प्रतिलेखन घटकावर फॉस्फेट बसवून त्याला केंद्रकाबाहेर काढते आणि पेशीची वाढ ठरवणाऱ्या एमटॉर या कायनेजला गती देते. फॉक्सओ१ आणि त्याचा साथीदार पीजीसी१-अल्फा हे उपाशीपोटी यकृताला ग्लुकोज बनवायला लावणारे घटक, आणि बी विषाणूचे प्रवर्तक (प्रतिलेखन सुरू करणारे डीएनएचे भाग) नेमके त्यांचेच ऐकतात. उंदरांवरील प्रयोगांत उपास घडवल्यावर बी विषाणूचे प्रतिलेखन वाढले आणि पुन्हा खाऊ घातल्यावर ते उतरले, हे २००६ मध्ये दाखवले गेले. तेव्हापासून काही संशोधक या विषाणूला ‘चयापचयी विषाणू’ म्हणू लागले. (यावरून रुग्णांच्या आहाराबद्दल कसलाही निष्कर्ष काढू नये. उंदराचा दिवसभराचा उपास आणि माणसाचे एक चुकलेले जेवण यांची तुलना होत नाही.) तुम्ही एकेटी अडवली म्हणजे पेशीला ‘अन्न संपले, वाढ थांबव’ असा निरोप दिला. एचएनएफ४-अल्फा वाढला, फॉक्सओ१ केंद्रकात परतला आणि विषाणूचे प्रतिलेखन वाढले. रापामायसिनने एमटॉर अडवल्यावरही असेच घडते.

मग एक्स प्रथिन एकेटीला चेतवून विषाणूच्याच पायावर धोंडा का पाडून घेते? कारण त्याच एक्स प्रथिनामुळे पेशीत मृत्यूचे संकेतही निर्माण होतात आणि एकेटी त्यांना आवर घालते. एकेटी अडवली की विषाणू वाढतो, पण पेशी मरू लागतात. वर्षानुवर्षे एकाच पेशीत मुक्काम करू इच्छिणाऱ्या विषाणूला थोडे कमी उत्पादन आणि जिवंत घर हा सौदा परवडतो. उत्पादनाचा कमाल वेग हेच विषाणूचे ध्येय असते, असे आपण धरून चालतो आणि तेथेच फसतो.

एक्स प्रथिनाची दुसरी कामगिरी कॅल्शियमची. तंतुकणिकांकडून होणारी कॅल्शियमची हाताळणी ते बदलते, त्यामुळे पेशीद्रवातील कॅल्शियमचा संकेत वाढतो, त्यातून पायके२ आणि मग सार्क ही कायनेजे जागी होतात आणि विषाणूच्या उलट-प्रतिलेखनाला, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवण्याला, जोर मिळतो. पेशीतील कॅल्शियम बांधून टाकणारे रसायन किंवा सायक्लोस्पोरिन वापरले की हा लाभ नाहीसा होतो, हे २००१ पासून माहीत आहे. विश्रांतीत असलेल्या यकृतपेशीला हे प्रथिन विभाजनाच्या उंबरठ्यापर्यंत, म्हणजे जी१ टप्प्यापर्यंत नेते आणि तिथेच थोपवते, असेही दिसते. यातली युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. पूर्ण विश्रांतीत असलेल्या पेशीत डीएनए बांधायला लागणारे न्यूक्लिओटाइड तुटपुंजे असतात, आणि पूर्ण विभाजनात गेलेल्या पेशीत यकृताची ओळख पुसली जाते. विषाणूला दोन्हींच्या मधली अवस्था हवी असते. न्यूक्लिओटाइड बनवणाऱ्या रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेजचा एक घटकही एक्स प्रथिन वाढवते, पण पेशीला विभाजनात न ढकलता. मात्र एक्स प्रथिनाचे सर्वच काम संदेशवहनाचे नाही. सीसीसीडीएनएला गप्प बसवणारे एसएमसी५/६ हे संकुल डीडीबी१च्या मदतीने नष्ट करणे हे त्याचे बहुधा सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि २०१६ मध्ये ते उलगडल्यावर जुन्या अनेक ‘संकेतां’च्या निष्कर्षांकडे पुन्हा पाहावे लागले.

फॉस्फेटचा हिशेब विषाणूच्या स्वतःच्या प्रथिनांवरही चालतो. बी विषाणूच्या गाभ्याच्या प्रथिनाला एक धनभारित शेपटी असते. तिच्यावरील सेरिनांवर पेशीची कायनेजे फॉस्फेट बसवतात आणि कवचात आरएनए भरला जाताना व डीएनए पूर्ण होताना ते उतरवले जातात. बसवणे आणि उतरवणे यांचा ताल बिघडला की कवचे तयार होतात, पण रिकामी.

सी विषाणूच्या बाबतीत संकेतांचे काम दारापासूनच सुरू होते. सीडी८१, एसआर-बी१, क्लॉडिन-१ आणि ऑक्लुडिन यांच्याशी त्याची गाठ पडते हे माहीत होते, पण ही प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर एकमेकांजवळ येतात कशी हे नीट कळत नव्हते. २०११ मध्ये दिसून आले की ईजीएफआर आणि ईएफए२ या दोन ग्राही-कायनेजांचे संकेत सीडी८१ आणि क्लॉडिन-१ यांची जोडी जुळवण्यासाठी लागतात. फुप्फुसाच्या कर्करोगावरील एर्लोटिनिबने ही जोडी जुळू दिली नाही, आणि मानवी यकृतपेशी रुजवलेल्या उंदरांत संसर्ग लांबला. या प्रवेशाच्या टप्प्यावर पीआय३के-एकेटी मार्गही क्षणभर चेततो आणि तो अडवला की विषाणू आत येत नाही. तुम्ही वाचले ते हेच. पण आत आधीच रुजलेल्या रेप्लिकॉनवर तोच मार्ग अडवला तर काही प्रयोगांत आरएनए वाढलेला आढळला आहे. विषाणू तोच, मार्ग तोच, टप्पा बदलला आणि उत्तर उलटले. म्हणून शोधनिबंध वाचताना रोधक संसर्गाआधी घातला की नंतर, ही ओळ मी निष्कर्षाच्या आधी शोधतो.

आत शिरल्यावर सी विषाणू आंतर्द्रव्य जालिकेच्या पडद्यांना वळ्या पाडून स्वतःसाठी जाळीदार कारखाना उभारतो. त्यासाठी त्याचे एनएस५ए प्रथिन पेशीच्या पीआय४के-तीन-अल्फा या मेद-कायनेजला पकडून चेतवते आणि पडद्यांवर पीआय४पी या मेदाची रेलचेल होते. येथे मला नेहमी भुरळ घालणारी एक गोष्ट सांगायला हवी. १९९९ मध्ये हुह७ पेशींत रेप्लिकॉन प्रथम वाढवले गेले, तेव्हा विषाणूत काही विशिष्ट बदल झाल्याशिवाय ते नीट वाढत नव्हते, आणि त्यांतले अनेक बदल एनएस५एवरील फॉस्फेट कमी करणारे होते. रुग्णाच्या यकृतात जोमाने वाढणारा विषाणू प्लेटमध्ये का अडखळतो, याचे उत्तर बऱ्याच वर्षांनी मिळाले. यकृताच्या कर्करोगापासून मिळालेल्या या पेशींत पीआय४के-तीन-अल्फा मुळातच फार असते. त्यात विषाणूने आणखी चेतवणी दिली की मेदाचा अतिरेक होऊन कारखानाच बिघडतो, आणि ते बदल विषाणूची ही चेतवणी सौम्य करतात. म्हणजे आपण ज्यांना ‘अनुकूलन’ म्हणत होतो, ते प्रत्यक्षात आपल्या पेशींच्या दोषाशी विषाणूने केलेले जमवून घेणे होते.

आता पेशीच्या बचावाच्या संकेतांकडे येऊ. सी विषाणूचा आरएनए रिग-आय हे पहारेकरी प्रथिन ओळखते, ते तंतुकणिकेवरील एमएव्हीएस या प्रथिनाला खबर देते आणि तेथून इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी संकेत-प्रथिन बनवण्याची आज्ञा निघते. विषाणूचे एनएस३/४ए हे प्रोटिएज एमएव्हीएसला त्याच्या पडद्यातील मुळाजवळ, ५०८व्या सिस्टीनपाशी, कापते. कापलेले प्रथिन पेशीद्रवात सुटते आणि खबर पुढे जात नाही. रुग्णांच्या यकृताच्या बायोप्सीतही असे कापलेले एमएव्हीएस सापडले आहे, म्हणजे ही केवळ प्लेटमधली करामत नाही. हिपॅटायटिस ए विषाणूचे प्रोटिएजही याच प्रथिनावर घाव घालते. नात्याने दूरच्या दोन विषाणूंनी एकच प्रथिन निवडावे, यावरून त्या प्रथिनाचे मोल कळते.

गंमत अशी की पेशीतला निरोप तोडूनही सीचा संसर्ग झालेल्या अनेक यकृतांत इंटरफेरॉनने चेतणारी जनुके वर्षानुवर्षे चालू असलेली दिसतात, कारण संसर्ग न झालेल्या शेजारच्या पेशी आणि रोगप्रतिकारक पेशी इंटरफेरॉन पुरवतच राहतात. ज्यांच्या यकृतात ही जनुके आधीच चेतलेली, त्यांना इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचा गुण कमी येत असे. सततच्या संकेतामुळे यूएसपी१८सारखे प्रथिन वाढते, ते ग्राहीलाच बधिर करते, आणि बाहेरून दिलेला आणखी इंटरफेरॉन बहिऱ्या कानावर पडतो. इंटरफेरॉन-लॅम्डा जनुकांजवळील जे वारसागत फरक २००९ मध्ये उपचाराच्या यशाशी जोडले गेले, तेही याच गोष्टीशी निगडित आहेत. थेट विषाणूवर काम करणारी औषधे आली आणि हा प्रश्न रुग्णांपुरता मिटला.

बी विषाणू खबर तोडण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही. तो खबर लागूच देत नाही. त्याचा डीएनए कवचात बंद, केंद्रकातला साठा पेशीच्या क्रोमॅटिनसारखा, आणि यकृतपेशीची डीएनए ओळखणारी यंत्रणा मुळात दुबळी. पण संकेत बाहेरून आले तर त्याला ते सोसत नाहीत. तीव्र संसर्ग झालेल्या चिंपांझींत यकृताला मोठी इजा होण्याआधीच विषाणूचा बहुतांश डीएनए नाहीसा झाल्याचे १९९९ मध्ये दाखवले गेले. याचा अर्थ असा की टी-पेशींच्या इंटरफेरॉन-गामा आणि टीएनएफ या संकेतांनी पेशी न मारताही विषाणूची नवी कवचे बनणे थांबते. आयएल-६ हे दाहाचे संकेत-प्रथिन एर्क मार्गाने एचएनएफ१-अल्फा आणि एचएनएफ४-अल्फा खाली आणते आणि प्रतिलेखन मंदावते; येथेही विषाणूवर थेट हल्ला नसून पेशीची ओळखच पातळ केली जाते. लिम्फोटॉक्सिन-बीटा ग्राही चेतवल्यावर डीएनएत बदल घडवणाऱ्या एपोबेक३ प्रथिनांमार्फत सीसीसीडीएनएचाच ऱ्हास होतो, असे २०१४ मध्ये दिसले.

हे संकेत अचानक थांबले तर काय होते, ते दवाखान्यात दिसते. बी आणि सी दोन्ही असलेल्या रुग्णांत अनेकदा सीच्या वर्चस्वामुळे बी दबलेला असतो. थेट औषधांनी सी काही आठवड्यांत नाहीसा झाला, त्याबरोबर यकृतातील इंटरफेरॉनचा संकेतही ओसरला, आणि काही रुग्णांत बी उसळून आला. त्यानंतर २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला आणि उपचाराआधी बीची तपासणी आवश्यक ठरली. स्टेरॉइडबाबतही असेच आहे: ते टी-पेशींना दाबतात हे खरे, पण बी विषाणूच्या जीनोमवर ग्लुकोकॉर्टिकॉइड (म्हणजे स्टेरॉइडच्या) ग्राहीला बसायची जागाही आहे, त्यामुळे ते विषाणूच्या प्रतिलेखनालाही थेट चालना देऊ शकतात.

आता औषधांचा प्रश्न. संकेतमार्ग अडवून विषाणू रोखण्यात पहिली अडचण वर आलीच आहे: एका विषाणूला अडवणारा रोधक दुसऱ्याला मोकळे रान देतो. अवयवरोपणानंतर हिपॅटायटिस ईचा संसर्ग दीर्घकाळ टिकू शकतो, हे २००८ पासून माहीत आहे, आणि त्या रुग्णांना दिली जाणारी एमटॉर रोधक औषधे पेशीसंवर्धनात ई विषाणूची वाढ वाढवतात, तर मायकोफेनोलिक आम्ल हे प्रतिकारशक्ती दाबणारे दुसरे औषध ती घटवते. दुसरी अडचण विषारीपणाची. पीआय४के-तीन-अल्फा सी विषाणूसाठी उत्तम लक्ष्य वाटत होते, पण प्रौढ उंदरांत हे कायनेज बंद केले की उंदीर मरतात. तिसरी अडचण अशी की सी विषाणूवर थेट काम करणाऱ्या गोळ्या आठ ते बारा आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांना बरे करतात. त्यांच्यापुढे कायनेज रोधकाचा धोका कोणी का पत्करावा? पेशीच्या घटकावर नेम धरून यश आले ते बुलेव्हिर्टाइडला. हे औषध यकृतपेशीवरील एनटीसीपी ही पित्तक्षारांची वाट, जी २०१२ मध्ये बी आणि डी विषाणूंचे प्रवेशद्वार म्हणून ओळखली गेली, तीच अडवते, आणि युरोपात २०२० पासून डीच्या संसर्गावर दिले जाते. रक्तात पित्तक्षार वाढतात, पण रुग्ण ते सोसतात. दार अडवणे सोसवते. पेशीचा निर्णय घेणारी यंत्रणा अडवणे सहसा सोसवत नाही.

शेवटी तुमच्या प्लेटबद्दल, कारण मला तिच्याबद्दल एक शंका आहे. हेपजी२.२.१५ पेशींत विषाणूचा जीनोम पेशीच्या गुणसूत्रांत घुसवलेला असतो आणि बहुतांश प्रतिलेखन तेथूनच होते. प्रवेश आणि सीसीसीडीएनए यांबद्दल ही प्लेट काही सांगू शकत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुम्ही माध्यमातला डीएनए मोजला आहे. या पेशी आवरण नसलेली कवचेही बाहेर टाकतात, आणि एकेटी अडवल्यावर पेशी मरू लागल्या तर कवचांची गळती आणखी वाढते. अनेक वर्षांपूर्वी मी स्वतः अशाच एका ‘वाढी’वर तीन महिने घालवले. तिच्यातला मोठा भाग फुटलेल्या पेशींतून गळलेल्या कवचांचा निघाला. तेव्हा प्रयोग पुन्हा लावताना पेशी दोन घनतांवर पेरा, रोधकाची मात्रा तीन पातळ्यांवर ठेवा, आणि प्रत्येक विहिरीत जिवंत पेशींची संख्या व माध्यमातील एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारे विकर) मोजा. पेशींच्या आतला कवचबद्ध डीएनए, प्रीजीनोमिक आरएनए (ज्यावरून विषाणूचा डीएनए बनतो) आणि एचएनएफ४-अल्फा यांची मोजणी त्याच दिवशी, त्याच विहिरींतून करा. माध्यमातले विषाणू पृष्ठभाग प्रतिजनाविरुद्धच्या प्रतिपिंडाने ओढून घेऊन मगच त्यांचा डीएनए मोजा, म्हणजे उघडी कवचे मागे राहतील. एवढे करूनही आतला आरएनए वाढलेला दिसला, तर तोच प्रयोग एनटीसीपी घातलेल्या हेपजी२ पेशींत आणि शक्य झाल्यास ताज्या मानवी यकृतपेशींत करा, आणि रोधक संसर्गाच्या एक दिवस आधी व तीन दिवसांनंतर अशा दोन वेगळ्या वेळी घालून पाहा.